सव्वा फेरा

मोठ्या कारखान्यात किंवा जहाजावर महत्त्वाचा पंप सहसा एकटा नसतो. त्याच्या शेजारी त्याच मापाचा दुसरा पंप बसवलेला असतो. एक चालतो, दुसरा उभा असतो. नव्या माणसाला वाटतं, या उभ्या पंपाचं बरं आहे. ना झीज, ना तापणं. प्रत्यक्षात नुसतं उभं राहणंच त्याला खात असतं. शेजारच्या पंपाची थरथर जमिनीतून त्याच्या अंगात उतरत राहते. शाफ्ट, म्हणजे पंपाचा फिरणारा दांडा, फिरत नाही म्हणून त्याला तोलणाऱ्या बेअरिंगचे गोळे एकाच जागी टेकून असतात. त्यांच्याखालचं ग्रीस हळूहळू बाजूला सरतं, धातूवर धातू घासतो आणि गोळ्यांच्या अंतराअंतराने बारीक खळगे पडत जातात. गळती अडवणारं सील वाळतं, चिकटतं. मग ज्या रात्री चालता पंप दगा देतो, त्या रात्री हा नवाकोरा दिसणारा पंप सुरू करावा तर तो किंचाळतच उठतो.

उपाय अगदी साधा आहे. ठरलेल्या दिवशी शाफ्ट हाताने फिरवायचा. पूर्ण एक फेरा नाही, सव्वा. म्हणजे तो पुन्हा पहिल्याच जागी येऊन थांबत नाही. शिवाय अधूनमधून जोडीतले पंप अदलून बदलून चालवायचे, म्हणजे कुठला खरा आणि कुठला राखीव हा भेदच राहत नाही.

हा सव्वा फेरा मला ज्यांनी शिकवला, ते आमच्या कारखान्यात मेंटेनन्सचे प्रमुख होते. आम्ही त्यांना नुसतं ‘सर’ म्हणायचो. बेअरिंगच्या कवचावर तळहात ठेवून ते काही क्षण डोळे मिटायचे आणि मग सांगायचे, हा अजून महिनाभर जाईल किंवा याला उद्याच उघडा. नोकरीत ते इंजिनिअर, नौदलाच्या राखीव दलात तांत्रिक अधिकारी आणि राहत्या वस्तीतल्या बचाव पथकात स्वयंसेवक. ते गेल्यावर बोलणाऱ्या बहुतेकांचा सूर असा होता की एका माणसाने तीन आयुष्यं जगून घेतली. मला तसं वाटत नाही. मी त्यांच्या हाताखाली बरीच वर्षं काढली, पुढे पथकातही त्यांच्याबरोबर राहिलो. माझ्या नजरेला ते तिन्ही ठिकाणी एकच काम करताना दिसले. जे रोज लागत नाही, पण लागेल तेव्हा त्याच क्षणी लागतं, ते तयार ठेवायचं काम.

या कामाची अडचण अशी की ते नीट झालं तर काहीच घडत नाही. बंद पडलेलं यंत्र चालू करणाऱ्याचं कौतुक होतं. बंद पडू न देणाऱ्याचं नाव कुणाला आठवत नाही. सरांना हे ठाऊक होतं आणि त्याचा त्यांना सल नव्हता. मला मात्र त्यांच्या वतीने तो होता, अजूनही आहे, म्हणून हे लिहितो आहे.

नौदलांनी राखीव माणसांचा विचार फार पूर्वी केला. युद्ध रोज होत नाही, पण जेव्हा होतं तेव्हा इंजिन रूम सांभाळणारी माणसं एका रात्रीत घडत नाहीत. ब्रिटनने १८५९ मध्ये कायदा करून व्यापारी जहाजांवरच्या खलाशांचं राखीव दल उभं केलं. ही माणसं समुद्राचीच होती. त्यापुढचं पाऊल १९०३ मधलं. त्या वर्षी ज्यांचा समुद्राशी पोटापाण्याचा संबंध नाही अशा नागरिकांसाठी स्वयंसेवी राखीव दल निघालं. कारकून, शिक्षक, वकील, इंजिनिअर असे लोक संध्याकाळी आणि सुट्ट्यांत कवायत करू लागले. त्यांच्या बाहीवरच्या सोनेरी पट्ट्या सरळ नसून नागमोडी होत्या, म्हणून या दलाचं नावच ‘वेव्ही नेव्ही’ पडलं. अमेरिकेत राखीव नौदल १९१५ मध्ये कायद्याने आलं. पहिल्या महायुद्धात ही दलं कामाला आली, पण मधल्या शांततेच्या वर्षांत कायम नोकरीतले अधिकारी या हौशी मंडळींकडे काय नजरेने बघत असतील, याची कल्पना करता येते. रविवारी गणवेश घालून येणारा प्राध्यापक लढाईत काय दिवे लावणार?

अशाच एका प्राध्यापकाबद्दल सर फार आत्मीयतेने बोलायचे. चार्ल्स गुडइव्ह. जन्म १९०४, कॅनडातल्या मॅनिटोबा प्रांतातला. पुढे ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवू लागले, आणि राखीव दलातलं प्रशिक्षण त्यांनी तिथेही सोडलं नाही. दुसरं महायुद्ध सुरू झाल्यावर जर्मनीने समुद्राच्या तळाशी नव्या जातीचे सुरुंग पेरले. त्यांना जहाजाचा धक्का लागावा लागत नसे. पोलादी जहाज वरून गेलं की त्याच्या चुंबकत्वाने सुरुंगाची कळ दाबली जाई आणि खालून जहाजाची पाठ मोडे. नोव्हेंबर १९३९ मध्ये असा एक सुरुंग इंग्लंडमधल्या शूबरीनेसच्या किनाऱ्यावर चिखलात अखंड सापडला, नौदलाच्या पथकाने जीव मुठीत धरून तो उघडला आणि त्याची कळ समजली. आता प्रश्न होता, समुद्रात पडलेले बाकीचे निकामी करायचे कसे.

गुडइव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काढलेला तोडगा इंजिनिअरच्या मनाला सुखावणारा आहे. लाकडी बांध्याची दोन जहाजं समांतर चालवायची. प्रत्येकाच्या मागे पाण्यावर तरंगणाऱ्या दोन केबल सोडायच्या, एक लांब, एक आखूड. केबलच्या टोकांतून खाऱ्या पाण्यात काही सेकंदांचा जबरदस्त प्रवाह सोडायचा. खारं पाणी वीज वाहून नेतं, त्यामुळे मंडल समुद्रातूनच पूर्ण होतं. दोन्ही जहाजांनी एकाच वेळी प्रवाह सोडला की त्यांच्या मागच्या मोठ्या पट्ट्यात चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि तळाचे सुरुंग जहाजापासून दूर, मागे फुटतात. समुद्रात उतरण्याआधी हे प्रयोग पोर्टस्मथजवळच्या साउथसीमध्ये मुलं होड्या सोडतात अशा उथळ तळ्यात छोट्या नमुन्यांवर केले गेले. याच मंडळींनी जहाजांचं चुंबकत्व तात्पुरतं पुसायची स्वस्त पद्धतही बसवली. जाड केबल जहाजाच्या कुशीवरून वर ओढत न्यायची आणि त्याच वेळी तिच्यातून प्रवाह सोडायचा. परिणाम कायमचा नाही, काही काळाने पुन्हा पुसावं लागतं, पण छोट्या जहाजांच्या अंगावर कायमची केबल गुंडाळत बसण्यापेक्षा काम झटपट होतं.

सर ही गोष्ट सांगायचे ती युद्धाच्या रोमांचासाठी नव्हे. त्यांचं बोट नेहमी एका जागी असायचं: गुडइव्ह यांना रसायनशास्त्र येत होतं, पण तशी प्रयोगशाळेतली माणसं पुष्कळ होती. त्यांना जहाजही ठाऊक होतं. डेकवर जागा किती असते, ओली केबल ओढताना खलाशांचे हात कसे फुटतात, लाटेत काय टिकतं आणि काय नाही, हे त्यांनी सुट्ट्यांच्या दिवसांत अंगावर घेतलं होतं. ज्ञान एका ठिकाणचं आणि सवय दुसऱ्या ठिकाणची, दोन्ही एकाच डोक्यात असल्यामुळे मधे भाषांतर करणारा माणूस लागला नाही. पुढे त्यांच्या विभागातून ‘हेजहॉग’ नावाचं पाणबुडीविरोधी अस्त्र निघालं. जुन्या पद्धतीत जहाज पाणबुडीच्या वर येऊन मागे बॉम्ब टाके, आणि नेमक्या त्याच शेवटच्या क्षणी ध्वनियंत्रावरून पाणबुडीचा माग सुटे. हेजहॉग २४ बॉम्ब जहाजाच्या पुढे भिरकावत असे, आणि ते पाणबुडीला लागले तरच फुटत. नेम चुकला तर समुद्र ढवळला जात नसे, माग कायम राहत असे. युद्धानंतर गुडइव्ह पोलाद संशोधनाकडे वळले आणि उद्योगाचे प्रश्न गणिताने सोडवायच्या शास्त्राचे ब्रिटनमधले एक आधारस्तंभ झाले.

जॉन ब्रिज यांची गोष्ट मला त्याहून जवळची वाटते. ते शाळेत भौतिकशास्त्र शिकवायचे. युद्धात स्वयंसेवी राखीव दलात गेले आणि बॉम्ब व सुरुंग निकामी करायच्या कामावर रुजू झाले. १९४३ मध्ये दोस्त राष्ट्रांनी इटलीचं सिसिली बेट घेतल्यावर मेसिना बंदरात पाण्याखाली स्फोटकं पेरून ठेवलेली आढळली. त्यांची यंत्रणा कुणाला माहीत नव्हती, आणि आधी गेलेल्या तुकडीतली माणसं त्यात मारली गेली होती. ब्रिज पुन्हा पुन्हा पाण्याखाली गेले, यंत्रणा हाताने चाचपून समजून घेतली आणि बंदर मोकळं केलं. त्यासाठी त्यांना जॉर्ज क्रॉस हा ब्रिटनचा शौर्याचा सन्मान मिळाला. जॉर्ज मेडल त्याआधीच दोनदा मिळालं होतं. आणि युद्ध संपल्यावर ते परत शिक्षणखात्यात गेले. मला त्यांच्या शौर्याइतकंच हे परत जाणं महत्त्वाचं वाटतं. राखीव माणसाची ओळखच ती आहे. तो बोलावल्यावर जातो आणि काम झालं की आपल्या फळ्याकडे, आपल्या पान्याकडे परततो.

परतणं मात्र वाटतं तितकं सोपं नसतं. सरांनी एकदा सांगितलं होतं, प्रशिक्षणाच्या दोन आठवड्यांनंतर कारखान्यात आलं की पहिला दिवस कान वेगळंच ऐकतात. जहाजावर आवाज थांबला म्हणजे संकट, इथे आवाज थांबला म्हणजे शिफ्ट बदलली. उलट दिशेचा प्रवासही तसाच. कारखान्यात त्यांच्या सहीशिवाय कुठलंही यंत्र उघडत नसे. राखीव दलात मात्र त्यांच्या निम्म्या वयाचा कायम सेवेतला अधिकारी त्यांना सूचना द्यायचा, आणि ते वही काढून लिहून घ्यायचे. त्यांना यात कधी कमीपणा वाटल्याचं मी पाहिलं नाही. मी एकदा विचारलंही.

“सर, त्या पोराला इंजिनातलं तुमच्याइतकं कळत नसणार.”

“इंजिनातलं कळत नसेल,” ते म्हणाले, “पण त्या जहाजातलं त्याला माझ्यापेक्षा जास्त कळतं. तो तिथे रोज राहतो. मी तिथे पाहुणा आहे, आणि पाहुण्याने आधी घराच्या रीती बघायच्या.”

आमच्या पथकाच्या शेडमध्ये एक डिझेल जनरेटर होता. मी नवा असताना महिन्याची तपासणी माझ्याकडे आली. मी तो सुरू केला, त्याने पहिल्या झटक्यात पेट घेतला, आवाज गोल होता, तेलाचा दाब बरोबर होता. पाच मिनिटांनी मी विचारलं, “सर, चालतोय मस्त. बंद करू?”

“सुरू झाला म्हणजे काय झालं? त्याच्यावर ओझं टाक.”

त्यांनी मला धुरांड्याच्या सांध्यापाशी नेलं. तिथे काळपट, तेलकट ओघळ सुकून बसले होते. बोटाला लागले तर चिकट. डिझेल इंजिन बिनओझ्याचं चालवलं की आतलं तापमान चढत नाही, इंधन पुरतं जळत नाही, आणि अर्धवट जळालेलं तेल धुरांड्यात साचत जातं. नुसतं सुरू करून बंद करण्याची ही महिन्याची ‘तपासणी’ मागच्या कित्येक वेळा इंजिनाचं नुकसानच करत आली होती. मग सरांनी शेडमधले सगळे मोठे दिवे आणले, दोन हीटर जोडले, पाणी उपसायचा पंप जोडला. इंजिनाचा आवाज खाली उतरला, भरदार झाला, धूर आधी काळा आणि मग जवळजवळ दिसेनासा झाला. आम्ही तासभर तिथे उभे होतो. त्या तासात मला राखीव दल, पथक आणि सर हे सगळं एकदम समजलं. रिकामी कवायत माणसालाही तेच करते जे त्या इंजिनाला करत होती. महिन्यातून एकदा जमायचं, हजेरी लावायची, साहित्य मोजायचं, गप्पा मारून घरी जायचं. याने पथक चालू आहे असा भास राहतो आणि आत काजळी धरत जाते.

समुद्रावर हा धडा फार किंमत देऊन शिकावा लागला. १९१२ मध्ये टायटॅनिक बुडालं, आणि त्यानंतर १९१४ मध्ये समुद्रावरच्या जीवितरक्षणाचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. आज त्याच्या सुधारित रूपाला सगळे ‘सोलास’ म्हणून ओळखतात. त्यातली कलमं वाचली तर कुणा सावध इंजिनिअरची वही वाचतो आहोत असं वाटतं. जीवरक्षक नौकेचं इंजिन दर आठवड्याला किमान ३ मिनिटं चालवायचं. प्रत्येक खलाशाने महिन्यातून एकदा तरी आग विझवण्याच्या आणि जहाज सोडण्याच्या सरावात भाग घ्यायचा. ज्या जहाजावर चौथाईहून अधिक माणसांनी मागच्या महिन्यात त्या जहाजावर सराव केलेला नाही, तिथे बंदर सोडल्यापासून २४ तासांच्या आत सराव झालाच पाहिजे. मुख्य वीज गेली तर आपत्कालीन जनरेटरने ४५ सेकंदांत भार उचलला पाहिजे. नुसतं ‘सुरू झाला पाहिजे’ असं म्हटलेलं नाही. भार उचलण्याची अट आहे.

जाता जाता एक गोष्ट. बऱ्याच व्यापारी नौदलांत इंजिनिअर अधिकाऱ्यांच्या पट्ट्यांमध्ये जांभळा रंग असतो, आणि टायटॅनिकच्या इंजिनिअरांच्या स्मरणार्थ राजाने तो दिला अशी कथा आजही सांगितली जाते. हा रंग ब्रिटिश नौदलात एकोणिसाव्या शतकापासूनच होता. टायटॅनिकवरचे सगळे इंजिनिअर गेले, आणि जहाज बुडेपर्यंत जवळजवळ शेवटच्या मिनिटांपर्यंत दिवे जळत होते, एवढं मात्र खरं. वर लोक नावेत चढत होते ते त्या उजेडात. अशा माणसांना वेगळ्या आख्यायिकेची गरज नाही.

पथकात येणारे तरुण बहुतेक वेळा दोरीवरून उतरायला, पाण्यात झेपायला उत्सुक असतात. ते स्वाभाविक आहे, आणि तसे लोक लागतातच. पण सर पथकात जे करायचे त्यात झेप नव्हती. वापरून आलेले दोर धुऊन सावलीत वाळत घालणं. प्रथमोपचाराच्या पेटीतल्या औषधांच्या तारखा बघणं. वस्तीत कुणाकडे चाकाची खुर्ची आहे, कुणाला ऑक्सिजनचं यंत्र लागतं आणि वीज गेली तर त्या घरी आधी पोचायचं, याची यादी अद्ययावत ठेवणं. एका घरातल्या आजोबांच्या खुर्चीचं चाक अडत होतं. सरांनी ते काढलं, आसाला गुंडाळलेले केस आणि दोरे चिमट्याने एकेक करून ओढले, बेअरिंग पुसलं, परत बसवलं. आजोबांनी विचारलं, “किती द्यायचे?” सर म्हणाले, “काका, पुढच्या वेळी अडायला लागली की लगेच कळवा, तेवढंच द्या.” समाजसेवेच्या नावाने जे चालतं त्यात फीत कापायला माणसांची वाण नसते. दोर धुवायला असते.

ब्रिटनमध्ये रॉयल नॅशनल लाइफबोट इन्स्टिट्यूशन ही संस्था १८२४ पासून समुद्रात अडकलेल्यांना वाचवायचं काम करते. नावेत जाणारे बहुतेक सगळे स्वयंसेवक. कुणी मासेमार, कुणी दुकानदार, कुणी शिक्षक. पण मोठ्या नौकांच्या कित्येक ठाण्यांवर एक माणूस पूर्ण वेळ पगारी असतो, तो म्हणजे मेकॅनिक. धैर्य वेळेवर गोळा करता येईल असं त्या संस्थेने धरलं आहे, आणि अनुभवाने ते बरोबर ठरलं आहे. इंजिन मात्र वेळेवर गोळा करता येत नाही. तिथे रोज कुणीतरी हात लावायलाच हवा.

त्याच संस्थेची पेनलीची नौका १९ डिसेंबर १९८१ च्या रात्री कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावरून निघाली. ‘युनियन स्टार’ नावाचं नवं मालवाहू जहाज पहिल्याच सफरीवर होतं. त्याच्या इंधनात समुद्राचं पाणी शिरलं आणि इंजिन बंद पडलं. वादळ इतकं होतं की हेलिकॉप्टरला दोर सोडता येईना. तांडेलाने, ट्रेव्हेलियन रिचर्ड्स त्याचं नाव, नावेत माणसं निवडताना एका तरुणाला परत पाठवलं, कारण त्याचे वडील आधीच नावेत चढले होते. अशा रात्री एका घरातले दोघे न्यायचे नाहीत. आठ जणांची ती लाकडी नाव पुन्हा पुन्हा जहाजाला जाऊन भिडली, चौघांना उचलल्याचा निरोप आला, आणि त्यानंतर संपर्क तुटला. नाव आणि जहाज, दोन्हींवरचे मिळून सोळाच्या सोळा गेले. एका दिवसाच्या आत त्या छोट्या गावातून नव्या नावेला पुरतील एवढे लोक नाव नोंदवायला पुढे आले. परत पाठवलेला तो तरुण पुढे पेनलीच्याच नौकेचा तांडेल झाला.

मी ही घटना जेव्हा जेव्हा आठवतो, तेव्हा माझं मन त्या इंधनाच्या टाकीपाशी अडतं. टाकीत पाणी. एवढंच. कुठल्याही मेंटेनन्सवाल्याच्या रोजच्या यादीत टाकीच्या तळाचा नळ उघडून पाणी काढून टाकायचं काम असतं, आणि यादीतलं सगळ्यात कंटाळवाणं तेच वाटतं. वादळात पाणी कुठून आणि कसं शिरलं असेल, त्यावर कुणाचं किती चाललं असतं, हा निवाडा मी करणार नाही. पण सर मला तो नळ उघडायला लावायचे, ग्लासात डिझेल धरून दिव्यासमोर बघायला लावायचे, आणि तळाशी पाण्याचा थेंब दिसला तर वहीत लिहायला लावायचे, ते कशासाठी, हे मला पेनलीची हकिगत कळल्यावर उमगलं.

सरांचं हे सगळं ज्यांच्या जिवावर चाललं त्यांच्याबद्दल लिहिल्याशिवाय पुढे जाणं मला योग्य वाटत नाही. राखीव माणूस घरातून निघतो तेव्हा घर तसंच मागे राहतं. काकूंनी, म्हणजे सरांच्या पत्नीने, एकदा मला सांगितलं होतं, “त्यांची बॅग दाराशी भरलेली असायची. आमची तयारी कुठल्या बॅगेत भरणार?” मुलं लहान असताना सर समुद्रावर, मुलांना ताप, काकूंची स्वतःची नोकरी. फोनजवळ त्यांनी स्वतःची एक यादी लावली होती. कुठल्या शेजारणीकडे किल्ली, कुठला डॉक्टर रात्री फोन उचलतो, गॅस बंद करायचा व्हॉल्व्ह कुठे. ती यादी सरांच्या कुठल्याही चेकलिस्टच्या तोडीची होती, आणि तिला कुठलंही पदक नव्हतं. कारखान्यातही तेच. सर प्रशिक्षणाला गेले की त्यांची शिफ्ट कुणीतरी ओढायचं. काही देशांनी राखीव सैनिकाची नोकरी परतल्यावर शाबूत राहावी असा कायदा केला. अमेरिकेतला या संबंधीचा आजचा कायदा १९९४ मधला आहे. कायद्याने खुर्ची राखली जाते. त्या खुर्चीतलं काम तेवढे दिवस करणाऱ्याचा उल्लेख कुठे होत नाही. एका माणसाच्या सेवेमागे चार माणसांची सेवा असते, आणि सत्कार करताना ती चारही माणसं व्यासपीठावर बोलावली पाहिजेत असं माझं ठाम मत आहे. सरांच्या निवृत्तीच्या कार्यक्रमात त्यांनी स्वतःच तो आग्रह धरला होता. काकू आधी बोलल्या, मग पाळी-बदलीतला सहकारी बोलला, आणि सर शेवटी दोन वाक्यं बोलून बसले.

वयाची मर्यादा आली की राखीव दल माणसाला मोकळं करतं. माणूस मोकळा होतोच असं नाही. गणितज्ज्ञ ग्रेस हॉपर १९४३ मध्ये अमेरिकेच्या राखीव नौदलात गेल्या, तेव्हा त्यांचं वजन नियमापेक्षा कमी भरलं होतं आणि त्यांना सवलत मिळवावी लागली. हार्वर्डच्या मार्क वन या अवाढव्य गणकयंत्रावर त्यांनी काम केलं. १९६६ च्या अखेरीस वयामुळे निवृत्त केलं गेलं, आणि पुढच्याच वर्षी नौदलाने संगणकभाषांचा गोंधळ निस्तरायला सहा महिन्यांसाठी परत बोलावलं. ते सहा महिने लांबत गेले. शेवटी १९८६ मध्ये त्या रिअर ॲडमिरल म्हणून निवृत्त झाल्या, तेव्हा त्या ७९ वर्षांच्या होत्या. व्याख्यानांत त्या जवळजवळ फूटभर लांबीच्या तारेचे तुकडे वाटायच्या. वीज एका सेकंदाच्या अब्जाव्या भागात जास्तीत जास्त एवढंच अंतर कापू शकते, हे ॲडमिरल लोकांच्या हातात देऊन दाखवायच्या.

आणि चार्ल्स लाइटोलर. टायटॅनिकवरून वाचलेल्या अधिकाऱ्यांत सर्वांत वरिष्ठ, पहिल्या महायुद्धात राखीव दलातून लढलेले. १९४० मध्ये फ्रान्समधल्या डंकर्कच्या किनाऱ्यावर दोस्त राष्ट्रांचं सैन्य अडकलं तेव्हा नौदलाने त्यांची खासगी नाव मागितली. वय ६६. ते म्हणाले, नाव जाईल, पण चालवणार मी. थोरला मुलगा आणि एक तरुण स्काउट बरोबर घेऊन ते गेले आणि सव्वाशेहून अधिक सैनिकांना घेऊन परतले. वरून विमानं झेपावत असताना नाव कधी वळवायची, हे त्यांना धाकट्या मुलामुळे ठाऊक होतं. तो वैमानिक होता, हल्ले कसे होतात हे त्याने वडिलांना बोलता बोलता सांगितलं होतं, आणि युद्धाच्या अगदी सुरुवातीलाच तो मारला गेला होता. सर हा भाग सांगताना थांबायचे. त्यांना स्वतःला दोन मुलगे होते.

सर राखीव दलातून आणि मग कारखान्यातून निवृत्त झाले, तरी पथकात येत राहिले. गुडघे गेल्यावर पाण्यात उतरणं बंद झालं, मग ते वायरलेसवर बसू लागले. कोण किती वाजता कुठे गेला, किती वाजता परत आला, हे सुवाच्य अक्षरात लिहायचे. कुणाचा परतीचा निरोप ठरल्या वेळेत आला नाही की पाचव्या मिनिटाला विचारणा व्हायची. शेवटच्या वर्षात त्यांनी सगळ्या चेकलिस्टी एका तरुण सहकारी मुलीच्या हवाली केल्या. ती इलेक्ट्रिकल इंजिनिअर. त्यांनी तिला सांगितलं, “यंत्र बदललं की यादी बदल. माझं अक्षर आहे म्हणून काही ठेवू नकोस.”

तिने ते शब्दशः घेतलं. पथकाचे मोठे दिवे आता बॅटरीवर चालतात, आणि सरांच्या यादीत प्रत्येक सरावानंतर ‘सर्व काही पूर्ण भरून ठेवणे’ असं होतं. इंधनाच्या टाकीला ते लागू आहे. टाकी भरलेली असली की आत हवेतलं पाणी जमायला जागा राहत नाही. लिथियम बॅटरीला ते चालत नाही. ती पूर्ण भरलेल्या स्थितीत महिनोन्‌महिने पडून राहिली, विशेषतः उकाड्यात, की तिची क्षमता लवकर घटते. तिने ती ओळ खोडली. आता आमच्याकडे बॅटऱ्यांचे दोन गट आहेत. ज्यांची पाळी आहे त्या पूर्ण भरलेल्या, बाकीच्या निम्म्या भरून सावलीत, आणि दर महिन्याला गटांची अदलाबदल. आधी काही जुन्या सदस्यांना सरांची ओळ खोडलेली बघवली नाही. तिने दोन्ही पद्धतींनी ठेवलेल्या जुन्या बॅटऱ्या आणल्या, सगळ्यांसमोर दिव्यांना जोडल्या आणि पूर्ण ओझ्यावर कुठली किती वेळ टिकते ते घड्याळ लावून दाखवलं. त्यानंतर चर्चा झाली ती पुढच्या अदलाबदलीची जबाबदारी कुणी घ्यायची याची, आणि ती काकूंच्या धाकट्या मुलाने घेतली.